थैलीवर नाव कोणाचं?

मृग तोंडावर आला होता. खामगाव तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर दोन कामं शेजारी शेजारी चालली होती. एका कोपऱ्यात थोरले दादा ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे मांडत होते. दहा दाण्यांची एक ओळ, अशा दहा ओळी. मोजून शंभर. दुसऱ्या कोपऱ्यात त्यांचे चिरंजीव, म्हणजे पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करणारा आमचा पुतण्या, लॅपटॉपवर फॉर्म भरत होता. बियाणं दोघांचंही परक्याचं. दादांनी शेजाऱ्याकडून आणलेलं, पुतण्याचं बियाणं म्हणजे कोड, तो इंटरनेटवरून आणायचा होता.

पुतण्याची गरज किरकोळ होती. पावतीवर ‘अक्षरी रुपये’ मराठीत छापून यायला हवे होते. पण मराठीत शंभरापर्यंत जवळपास प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. एकोणसत्तर की एकोणऐंशी, इथे भलेभले कॅशियर पेन थांबवतात. कुणा सज्जनाने ही सगळी यादी बसून टाईप केली आणि एमआयटी परवान्याखाली जगाला फुकट देऊन टाकली. हा परवाना पानभरसुद्धा नाही. घ्या, वापरा, बदला, विका; आमचं नाव आणि ही चिठ्ठी तेवढी काढू नका, आणि नाही चाललं तर भांडायला येऊ नका. आमच्याकडे वाटीभर साखर उसनी आणतानाही याहून जास्त अटी असतात.

पण कंपनीचं धोरण! ‘त्रयस्थाचा कोड’ म्हटलं की सदतीस रकान्यांचा फॉर्म. पुरवठादाराचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, तीन वर्षांचा ताळेबंद. मग लीगलची सही, सिक्युरिटीची सही, आणि माल शून्य रुपयांचा असल्यामुळे परचेसची विशेष सही.

कंपनीची भीती अगदीच खोटी नाही, हेही सांगितलं पाहिजे. जीपीएल नावाच्या दुसऱ्या परवान्याचा कोड आपल्या मालात कालवून तो माल गिऱ्हाइकाला दिला, तर आपला कोडही त्याच अटींवर उघडा करावा लागतो. तेव्हा परवाना वाचायला माणूस हवाच. गंमत अशी की आपलं सरकार याच्या उलटं बोलतं. केंद्राच्या 2015 च्या धोरणानुसार सरकारी कामासाठी असा खुला कोड, म्हणजे ओपन सोर्स, वगळलं, तर पुरवठादाराने ते का वगळलं याचं कारण द्यायचं. सरकार विचारतं, का नाही घेतलं? कंपनी विचारते, का घेतलं? सरकारी कचेरी खाजगी कंपनीपेक्षा मोकळ्या मनाची निघाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण जपून ठेवावं.

दादांनी चष्मा वर करून फॉर्म पाहिला. म्हणाले, “बाबू, सारं ठीक हाय. पन उगवते का थे? उगवनीचा रकाना कुठी हाय याच्यात?”

पुतण्याने वर-खाली पाहिलं. नव्हता.

कंपनीच्या गोदामात आधीपासून कुणाकुणाचा कोड पडलाय, याचाही रकाना नव्हता. ज्या सर्व्हरवर तो फॉर्म उभा होता, त्याचं लिनक्स त्रयस्थाचंच. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे नावाच्या फुकट कोडातलं भगदाड उघडकीस आलं. धोक्याची पातळी दहापैकी दहा. तेव्हा जगभरच्या कंपन्यांची पहिली धावपळ दुरुस्तीसाठी नव्हती, ‘हे आपल्याकडे आहे का?’ हे शोधण्यासाठी होती. दुरुस्ती स्वयंसेवकांनी रात्री जागून केली. पुढच्याच महिन्यात एका बड्या कंपनीने स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना पत्र धाडलं, चोवीस तासांत खुलासा करा. या गृहस्थांचा कर्ल हा कोड जगभर फुकट वापरला जातो, पण लॉग4जेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी शांतपणे कळवलं, आधी सपोर्टचा करार करा, मग उत्तरं देतो. फुकट बियाणं देणाऱ्यालाच पंचनाम्याची नोटीस!

सातव्या दिवशी दादांनी गोणपाट उलगडलं. शंभरात ब्याऐंशी कोंब. कृषी खातं सत्तरला पास करतं. दादांनी बीजप्रक्रिया केली, वहीत शेजाऱ्याचं नाव, वाण आणि तारीख लिहिली, आणि पावसाची वाट पाहत बसले. खर्च एक गोणपाट, एक तांब्या पाणी.

त्याच दिवशी पुतण्याचा फॉर्म परत आला. शेरा : पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक जोडलेला नाही.

पोरगं हुशार. कंपनीनेच सर्वांना वाटलेल्या एआय मदतनिसाला त्याने सांगितलं, मराठी अक्षरी रुपयांचा कोड लिहून दे. अर्ध्या मिनिटात आला. एकोणसत्तर, एकोणऐंशी, यादी जशीच्या तशी. सज्जनाचं नाव आणि चिठ्ठी तेवढी गळालेली. याला फॉर्म नाही, कारण हा ‘त्रयस्थ’ नाही. संध्याकाळी माल गिऱ्हाइकाकडे रवाना.

“बियानं कोनाचं व्हय हे?” दादांनी विचारलं.

“माहीत नाही, आबा.”

“उगवन पाह्यली?”

“वेळ कुठे होता?”

“मंग थैलीवर नाव कोनाचं?”

“कंपनीचं.”

दादा काही बोलले नाहीत. पण त्यांच्यासाठी देशात 2001 चा एक कायदा आहे. शेतकऱ्याने बियाणं राखावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंसुद्धा. त्याचं कलम 39 हे सगळं करू देतं. संरक्षित वाणाचं बियाणं थैलीत भरून, त्यावर ब्रँडचा शिक्का मारून विकायला मात्र तेच कलम मनाई करतं.