विस्कटलेपणाची निगा

काही कुत्री जन्मतःच निवृत्त हेडमास्तरांसारखी दिसतात. दाट भुवया, लोंबती दाढी आणि नजरेत "वही कुठाय?" असा भाव. एअरडेल, श्नाउझर, बॉर्डर टेरिअर, वायर फॉक्स टेरिअर ही सगळी याच घराण्यातली. 2009 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार या मिश्या, भुवया आणि अंगावरचे राठ केस या सगळ्यांच्या मुळाशी एकच जनुक आहे. म्हणजे हेडमास्तरकी रक्तातच.

ही मंडळी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसतात. हा अवतार टिकवायला काय सायास पडतात, ते मला भाचीकडे लीड्सला राहायला गेले तेव्हा कळलं. एअर नदी या शहरातून वाहते आणि एअरडेल हे तिच्याच खोऱ्याचं नाव. तिथल्या कष्टकरी लोकांनी 19व्या शतकात पाणमांजरांच्या नि उंदरांच्या शिकारीसाठी ही जात घडवली. शेजारच्या आजींकडे त्यातलाच एक होता, आर्ची. पाणमांजर त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. शिकार म्हणाल तर बिस्किटांची.

एके दिवशी कुंपणावरून पाहते तर आजी आर्चीला टेबलावर उभं करून त्याचे केस चिमटीने उपटत होत्या! मी "अगं बाई!" म्हणायच्या बेतात होते, पण आर्ची उभ्याउभ्या पेंगत होता.

त्याचं असं आहे. या कुत्र्यांच्या अंगावर आत मऊ लोकर असते आणि वर राठ केस. वरचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो आणि मरतो, पण गळून पडत नाही. मुदत संपली तरी खुर्ची सोडत नाही म्हणा ना. मुळाशी सैल होतो, म्हणून ओढला की दुखत नाही. कच्चा केस ओढलात तर मात्र कुत्रा तुम्हाला तसं ताबडतोब कळवतो. रानात असताना काटेरी झुडपांतून घुसताना यातले बरेच केस ओरबाडून निघत. सोफ्यावर लोळणाऱ्याला काटे कुठून मिळणार? तेव्हा काट्यांची नोकरी आता आजींच्या बोटांकडे.

मशीन का फिरवत नाही, हा प्रश्न मीही विचारला. आजींनी माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी पुरणपोळीत साखरेऐवजी मीठ घालायला सुचवलं होतं. मशीनने केस वरून कापला जातो, मेलेलं मूळ आतच राहतं. नव्या केसाला वाट मिळत नाही, मऊ लोकर वरचढ होते, काळ्या-तांबूस रंगाची रया जाते आणि पाऊस-चिखल अंगाला लागू न देणारा राठपणाही संपतो.

मग आजींनी मलाच कामाला लावलं. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने मोजके चार केस टोकाशी पकडायचे आणि ज्या दिशेने उगवलेत त्याच दिशेने, मनगट न वळवता, सरळ ओढायचे. बोटं घसरू नयेत म्हणून खडूची पूड. आदल्या दिवशी आंघोळ घालायची नाही, नाहीतर केस निसटतात. पोटाखाली आणि नाजूक जागी मात्र कात्रीच. उपटून झालं की कुत्रा गंजीफ्रॉकवर बसल्यासारखा दिसतो आणि नवा कोट यायला दोन-तीन महिने लागतात. खटपटी लोक दर आठवड्याला थोडे थोडे केस काढत राहतात, म्हणजे जुना-नवा कोट एकाच वेळी नांदतो. त्यांचं स्वयंपाकघर कधी आवरलेलं असतं, देव जाणे.

प्रदर्शनांत या मेहनतीचं चीज होतं. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात सर्वोत्तम कुत्र्याचा मान सर्वांत जास्त वेळा, तब्बल 15 वेळा, वायर फॉक्स टेरिअरने मिळवलाय. सातव्या एडवर्डचा लाडका सीझर याच जातीचा. 1910 साली राजाच्या अंत्ययात्रेत तो जर्मनीच्या कैसरच्याही पुढे चालला होता. टिनटिनचा स्नोईसुद्धा याच जातीचा. पण त्याचे केस चित्रकार एर्जे पेन्सिलीने राखायचा, म्हणून तर टिनटिनला जगभर हिंडायला सवड मिळाली.

घरच्या कुत्र्याला खुशाल मशीन लावावी असं माझं मत. मऊ झाला म्हणून आर्ची काही आरशात पाहून हळहळणार नाही. हे मी आजींना अर्थातच सांगितलं नाही, कारण माझी पाठीवरच्या केसांपर्यंत बढती झाली होती. भुवयांना हात लावू का, असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "भुवया? त्या दोन वर्षांनी."

माझा व्हिसा सहा महिन्यांचा होता.