स्प्रिंटची उचल

देशातलं सगळ्यात जुनं अजाईल प्रोजेक्ट कोणतं, असं कुणी विचारलं तर बीडकरानं बेलाशक हात वर करावा. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे! २६१ किलोमीटरच्या या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी एका परिषदेत स्क्रम नावाची, पुढं अजाईलमध्ये मोडू लागलेली पद्धत मांडली. सगळं काम एकदम उरकून देण्याच्या भानगडीत पडू नका, तुकड्या-तुकड्यानं द्या, गिऱ्हाईक वापरून बघेल आणि सांगेल, असा तिचा मथितार्थ. रेल्वेनं तो आमच्यावर मनोभावे राबवला. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीला आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून, बीडला आली. परळीचा तुकडा बॅकलॉगमध्ये. खर्च ३५३ कोटींवरून ४,८०५ कोटींवर गेला; पण उशिरा आलेल्या बदलांचंही स्वागत करा, हे तर अजाईलच्या बारा तत्त्वांतलंच एक. तक्रार कशाची करता?

असो. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून दोन तऱ्हेची माणसं बाहेर पडतात. एक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. दुसरी पाठीवर लॅपटॉप अडकवून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं हिंजवडी-खराडीला. पहिल्यांच्या मुकादमावर अग्रलेख लिहून झाले. दुसऱ्यांना मुकादम असतो हे त्यांच्या आईबापांना माहीतच नाही.

केज तालुक्यातल्या एका ओसरीवर मात्र ते उघडकीला आलं. पुतण्या सुट्टीला जोडून दोन दिवस घरून काम करायला आलेला. चुलते जुने मुकादम, आता थकलेले. सकाळी पोरगं बाजेवर मांडी घालून लॅपटॉपशी बोलत होतं.

"रोज सकाळी कुणाला हजेरी द्यायलास रे?"

"हजेरी नाही बप्पा, स्टँडअप असतो. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच सांगायचं."

"मग आम्ही दुसरं काय इचारायचो?"

पुढं स्प्रिंट समजावून झाला. दोन आठवड्यांत किती काम पडणार, ते टीम स्वतः ठरवते, असं पोरगं म्हणालं.

"तुम्हीच ठरविता?"

"म्हणजे... आकडा वरून येतो. आम्ही हो म्हणतो."

बप्पांनी पानाला चुना लावला आणि पैशाचं विचारलं. पोरानं अभिमानानं जॉइनिंग बोनसचा आकडा सांगितला. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करावा लागतो, हेही सांगितलं.

"उचल म्हण की सरळ," बप्पा म्हणाले. "इंग्रजीत कशाला सांगतो?"

बप्पांचं बरोबर होतं, पण निम्मंच. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कारखान्याला माणसं मोजून देत नाही, कोयते मोजून देतो. हिंजवडीत मॅनेजर म्हणतो, "अजून दोन रिसोर्स द्या." इथवर जमतं. खाड्यापाशी मात्र जमत नाही. पोराचा खाडा म्हणजे सिक लीव्ह, आणि ती भरपगारी. फडावर एक दिवस अंग टाकलं तर खाड्याचे पैसे उचलीच्या खात्यावर चढतात, मग ते पाळीचे दिवस असोत नाहीतर बाळंतपणाचे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागं डॉक्टरांची कमाई आहे, भीती आहे, आणि खाडाही आहे. बारा तत्त्वांत आणखी एक असं आहे, की काम करणाऱ्यांना कायम झेपेल असाच वेग हवा. अमेरिकेतल्या युटामध्ये स्नोबर्ड नावाच्या बर्फातल्या ठिकाणी २००१ च्या फेब्रुवारीत सतरा जण अजाईलची मांडणी करायला बसले, तेव्हा त्यांच्यासमोर प्रोग्रामर होते. पण ते वाक्य फडावर नेऊन वाचायला कुणाची हरकत नसावी. आधी हिंजवडीत वाचलं तरी चालेल. तिथं नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये सांगितलेले आठवड्याचे सत्तर तास जास्त पाठ आहेत.

मग 'वेळेचं नियोजन' या विषयावर कंपनी व्याख्यान ठेवते. वक्ता पोमोदोरो शिकवतो. इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिलो या विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवून पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती असा नेम धरला, त्याची ही पद्धत. ती चांगलीच आहे. फक्त त्या विद्यार्थ्याला पंचवीस मिनिटांत कुणी "दोन मिनिटं वेळ आहे का?" असा मेसेज टाकत नव्हतं. आमच्याकडं शेतीपंपाला वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीनं येते; शेतकरी रात्री दोनला उठून दारं धरायला जातो, त्याला कुणी वेळेचं नियोजन शिकवत नाही. महावितरण परस्पर करून देतं. पोराचं कॅलेंडरही असंच दुसऱ्यानं भरलेलं असतं. उरलेल्या फटींत त्यानं टोमॅटो लावायचे.

गंमत अशी की स्क्रमच्या मूळ पोथीत ही हजेरी, हा वरून येणारा आकडा, यातलं काही नाही. स्क्रमची मार्गदर्शिका जेमतेम तेरा-चौदा पानांची, फुकट मिळते, आणि म्हणूनच बहुधा कुणी वाचत नाही. रोजची पंधरा मिनिटं ही काम करणाऱ्यांनी आपसांत बोलायची आहेत, साहेबाला हिशेब द्यायची नाहीत. ते तीन प्रश्न तर २०२० च्या आवृत्तीतून काढूनच टाकले. पुण्यात अजून रोज विचारतात. स्प्रिंटमध्ये किती काम होईल याला आधी वचन म्हणत. २०११ मध्ये ते बदलून अंदाज म्हटलं. आता अंदाज म्हणजे काय, हे दुष्काळी बीडला कुणी सांगायला नको. वेधशाळेनं चांगला पाऊस सांगितला आणि आभाळ कोरडं गेलं, म्हणून वेधशाळेचं अप्रेझल कुणी खाली आणत नाही. कंपनीत शुक्रवारचा अंदाज सोमवारी वचन होतो, आणि वर्षअखेरीस पुरावा.

अंदाज काढायचे तेही पत्त्यांवर. याला प्लॅनिंग पोकर म्हणतात. प्रत्येकानं एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असा आकड्याचा पत्ता झाकून ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे कुणाचं बघून कुणी बोलणार नाही. आमच्याकडं चार जण पत्त्यांवर आकडे लावायला बसले की पोलीस येतात. तिथं स्क्रम मास्टर येतो. डाव खरा सुंदर आहे. नव्या पोरीनं तेरा टाकला आणि जुन्या जाणत्यानं तीन, तर दोघांनी का ते बोलायचं. तिला दिसलेला खड्डा त्याला दिसलेला नसतो. एवढ्यासाठीच ते पत्ते. प्रत्यक्षात मॅनेजर आधीच म्हणतो, "मला वाटतं हे तीनचं आहे," आणि सगळे पत्ते तीनचेच निघतात.

स्प्रिंट संपला की रेट्रो असतो, म्हणजे काय बरं झालं आणि काय बिनसलं ते मोकळेपणानं बोलायचं. फडावर पट्टा पडला की हिशेब होतो, फिटलेली-न फिटलेली बाकी कळते आणि ती पुढच्या हंगामावर फिरते. मोकळेपणाचा प्रश्न येत नाही. बप्पांच्या पुतण्यानं मात्र मोकळेपणा दाखवला. पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं: 'कामाचे आकडे टीमला ठरवू द्या.' मॅनेजरला मुद्दा फार आवडला. त्यानं तिथल्या तिथं तिकीट काढलं, त्याला आपल्या मनानं तीन पॉइंट दिले आणि पोराच्या नावावर टाकून शुक्रवारची तारीख घातली.