भावी प्रयोग

मराठी व्याकरणात प्रयोग तीन: कर्तरी, कर्मणी आणि भावे. बत्तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. चौथा मला माझ्याच एका विद्यार्थ्यानं शिकवला: भावी प्रयोग.

शाळेत हा व्याकरणात काठावर पास. पुढे एके दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा दिसला: ‘मा. भाऊ, भावी नगरसेवक’. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटोएवढे चेहरे. नावामागे ‘मा.’ लागल्यापासून मीही त्याला अहो-जाहो करू लागलो. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, प्रशासक आले, आणि मतदानाचा दिवस उजाडला तो थेट जानेवारी २०२६मध्ये. जवळपास चार वर्षं भाऊ नुसते भावी राहिले. फ्लेक्स तीनदा फाटला, विशेषण फाटलं नाही.

भाऊंची भाषा गल्लीगणिक बदलायची. सोसायटीच्या हॉलमध्ये ‘व्हिजन’, वस्तीत ‘मायबाप’, पालखीच्या दिवशी ‘माउली’, मंडळाच्या पोरांत ‘विषय संपला!’ आणि सगळीकडे, छातीवर हात ठेवून, ‘मी राजकारण करत नाही.’

पण खरी करामत कर्त्याची. आमच्या गल्लीचा अर्धा रस्ता झाला तेव्हा ‘मी पाठपुरावा करून तो करून घेतला.’ उरलेला अर्धा? ‘करण्यात येईल.’ कोण करणार, ते अध्याहृत. पहिल्याच पावसात भगदाड पडलं, तेव्हा ‘रस्ता खचला.’ कर्ता खुद्द रस्ता! म्हणजे दोषही त्याचाच.

सर्वनामांवरही तीच हुकमत. समोरच्याला वगळणारं ‘आम्ही’ आणि पोटात घेणारं ‘आपण’, हा भेद शिकवताना माझे खडू झिजले. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द; तिकडचे पुढारी कसं निभावतात देव जाणे! भाऊंच्या रक्तातच तो भेद होता. गणपतीचा मांडव ‘आम्ही घातला’, वर्गणी मात्र ‘आपण काढू’.

निकालाच्या संध्याकाळी भाऊ घरी आले. मागे पोरं नव्हती, गळ्यात उपरणंही नव्हतं. तांब्याभर पाणी प्यायले.

“काय रे, काय झालं?” चार वर्षांनी माझ्या तोंडून एकेरी गेलं.

खाली मान घालून म्हणाला, “सर, आपण पडलो.”

मी उभाच नव्हतो. तरी क्षणभर गुडघ्याला खरचटल्यासारखं झालं.