पोस्टकार्ड लिहू नका, देश वाचवा!

या देशातले खरे देशभक्त कोण, याचा शोध एकदाचा लागला आहे. भल्या पहाटे व्हॉट्सअॅपवर गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ सकाळ’ पाठवणारे काका-मामा हेच ते. हाच मजकूर त्यांनी पोस्टकार्डावर धाडला असता तर टपाल खात्याचं दिवाळं वाजलं असतं. काही वर्षांपूर्वी खात्याच्याच वार्षिक अहवालात आकडा होता : एक पोस्टकार्ड पोचवायला सरासरी खर्च बारा रुपयांच्या वर, आणि गल्ल्यात पडतात ५० पैसे. म्हणजे कार्डामागे साडेअकरा रुपयांची खोट. तीस माणसांच्या कौटुंबिक ग्रुपवर एक गुलाब टाकला की देशाचे जवळजवळ साडेतीनशे रुपये वाचतात. काकांना पद्मश्री नको, निदान खात्याचं आभाराचं पत्र तरी जावं. स्पीड पोस्टानं.

मग पोस्टकार्ड महाग का होत नाही? कारण त्यात म्हणे गरिबाच्या भावना गुंतलेल्या आहेत. १८७९ साली पाव आण्यात निघालेलं हे कार्ड साहेब गेला तरी स्वस्तच राहिलं. दर वाढवला तर जनता रस्त्यावर येईल, अशी दिल्लीला धास्ती असावी. येईलही, पण मोर्चाचं बोलावणं व्हॉट्सअॅपवर येईल. ज्या ५० पैशांत कार्ड मिळतं, ते नाणं कायद्यानं चालू आहे, फक्त वाणी घेत नाही आणि रिक्षावाला हसतो. नोंदणी झालेल्या वृत्तपत्रांची तर याहून मौज. चार आण्याचं नाणं २०११ साली चलनातून गेलं, तरी पुढंही कित्येक वर्षं हलक्या अंकाचा टपाल दर २५ पैसेच राहिला. सरकारनं नाणं बंद केलं आणि सरकारनंच त्या नाण्यात दर ठेवला. याला म्हणतात सातत्य.

आता भावना सांभाळायच्या तर पैसा दुसरीकडून काढायला हवा. कुठून? जिथं गिऱ्हाइकाला दुसरी वाट नाही तिथून. रजिस्टर! हे टपाल मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनाचा कणा होतं. गॅलरीत वाळत घातलेल्या गोधडीवरून खालच्या मजल्यानं वरच्या मजल्याला नोटीस पाठवायची ती आरपीएडीनंच, म्हणजे सही केलेली पोच परत आणणाऱ्या रजिस्टरनंच. जिन्यात रोज गाठ पडत असली तरी. ती गुलाबी पोच सही होऊन परत आली की सोसायटीचे चिटणीस ती फायलीत अशी लावत, की जणू पानिपत जिंकलं.

२०२५ साली हे रजिस्टर स्पीड पोस्टात विलीन झालं. विलीनीकरण म्हणजे काय, हे सहकारी बँकेत ठेवी असलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. वीस ग्रॅमचं साधं रजिस्टर पूर्वी करासह २५ रुपये ९६ पैशांत देशात कुठंही जायचं. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरानं परगावचं ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट ४७ रुपये, नोंदणीचे वर ५, त्यावर १८ टक्के जीएसटी : एकूण ६१ रुपये ३६ पैसे. गावातल्या गावात २८ रुपये ३२ पैसे, म्हणजे गोधडीवाल्यांचं फार बिघडलं नाही. बिघडलं ते तालुक्याच्या गावाहून मुंबईला अर्ज, अपील, माहितीचा अधिकार धाडणाऱ्याचं. कागद लवकर पोचेल, हे मान्य. पण ज्याच्या अर्जावर साहेब तीन वर्षांनी नजर टाकणार, त्याला दोन दिवस आधी पोचण्याची घाई कशाची? विद्यार्थ्यांना मात्र दहा टक्के सवलत आहे. स्पर्धा परीक्षांचे अर्ज सगळे ऑनलाइन झाल्यावर ती दिली, हे उत्तम. सवलत आहे आणि खर्च नाही.

पुस्तकांचंही खात्यानं असंच मनावर घेतलं. छापील पुस्तकं स्वस्तात रजिस्टरनं धाडायची सोय डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाली. छोटे प्रकाशक ओरडले, तेव्हा मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. दर वाजवी, याबद्दल वाद नाही. फक्त आत ज्ञान आहे की नाही, हे ठरवायचं असतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं, ठरावीक काळानं निघणारा अंक नको, जाहिराती नकोत.

आता या चाळणीत दिवाळी अंक घालून पाहा. काउंटरवरचे साहेब पाकीट उलटंपालटं करतात. मुखपृष्ठावर नथीतली बाई. दुसरं पान सराफाचं, तिसरं मसाल्याचं, शेवटचं बँकेचं. मधे कथा, कविता आणि वार्षिक राशिभविष्य. शिवाय दरवर्षी निघतो. साहेब मान हलवतात. ज्या अंकांनी मराठीला शंभरावर वर्षं लेखक पुरवले, ते नियमात ज्ञान नाहीत. राशिभविष्याचं सोडा, पण निदान मसाल्याच्या जाहिरातीत तरी काही ज्ञान असेल!

कायदाही नवा आला. १८९८चा जुना कायदा जाऊन २०२३चा पोस्ट ऑफिस कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. पत्रं वाहण्याचा सरकारचा एकाधिकार जुन्या कायद्यात होता, तो नव्यात उरला नाही. उरलं काय? नियमांनी लादली असेल तेवढी सोडून कसलीही जबाबदारी खात्यावर नाही, ही तरतूद. आणि हो, सुरक्षेच्या कारणासाठी तुमचं टपाल उघडून पाहायचा अधिकार. तेवढ्यासाठी तरी लोकांनी पत्रं लिहावीत, नाहीतर वाचणाऱ्यांनी करायचं काय?

भविष्य तर झगझगीत आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात पोस्टाची मोठी सार्वजनिक लॉजिस्टिक्स संस्था करायची घोषणा झाली आणि २०२९पर्यंत खातं नफ्यात आणायचा मनसुबा मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी बोलून दाखवला. गंगाजल पोस्टात मिळतं, तिरंगा मिळतो, आधार दुरुस्त होतं, पासपोर्टचं काम होतं. गर्दीत चुकून तिकीटही मिळून जातं. शिवाय ‘डिजिपिन’ आला आहे. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर या राजापूरकडच्या संस्कृत पंडितानं पिनकोडच्या सहा आकड्यांत देश बसवला. आता चार मीटर गुणिले चार मीटर चौकोनाला दहा अक्षरी खूण. दिवाणखाना एका डिजिपिनात, मोरी दुसऱ्यात. आणि बावीस मजली टॉवरमध्ये एकावर एक राहणारे बावीस संसार एकाच डिजिपिनात! त्यातला नेमका कोणता, ते वॉचमनला विचारायचं.

डेन्मार्कनं २०२५ अखेर सरकारी पत्रवाटप बंद करूनच टाकलं. चारशे वर्षांचा रिवाज, लाल पेट्या उपटल्या, विषय संपला. त्यांना ते परवडतं, कारण तिथं पोस्ट म्हणजे पत्र. आपल्याकडं सुमारे एक लाख चौसष्ट हजार पोस्टांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास खेड्यांत आहेत. ‘शाळेमागं, चिंचेपाशी, पाटलांची धाकटी पाती’ एवढ्या पत्त्यावर टपाल पोचवणारा ग्रामीण डाकसेवक तिथलाच. शाखा पोस्टमास्तरानं कचेरीला जागा स्वतः बघायची, पुष्कळदा ती त्याच्याच ओसरीवर. हातात छोटं यंत्र, समोर निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली आजी. अंगठा घासून घासून चौथ्या खेपेला लागतो आणि हातावर नोटा पडतात. या डाकसेवकाला पगार नाही, भत्ता मिळतो, चार-पाच तासांच्या कामाचा. नियमित सरकारी नोकर तो नाही. तालुक्याची बँक एसटीनं तासभर लांब असताना हा माणूस वाचवतो ती मजुरी आणि तिकिटाचे पैसे कुठल्याच वहीत जमेला पडत नाहीत. खर्च मात्र खात्याच्या तुटीत दिसतो.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. पोस्टकार्ड पाच रुपये करा. ज्याला खरंच लिहायचंय तो देईल, आणि ज्याला फक्त हळहळायचंय त्याला ते फुकट आहेच. दिवाळी अंक आणि सामान्य माणसाचा रजिस्टर अर्ज यांचे दर खाली आणा, कारण गरज तिथं आहे. आणि खेड्यातल्या शाखांवरचा खर्च तूट म्हणून मिरवण्याऐवजी उघडपणे सेवेचा खर्च म्हणून मांडा. गावचा रस्ता किती नफा कमावतो, असं कुणी विचारत नाही. त्या रस्त्यानं येणाऱ्या पोस्टमनला तरी का विचारता?