भोंगाभाऊ

धामणगाव बढ्याला कबड्डीचे सामने लागले की सगळं गाव मैदानाकडे तोंड करून बसतं आणि एक माणूस मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. ते भोंगाभाऊ. चुन्याच्या रेघेमागे प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर भाऊ, गळ्यात गावच्या संघाच्या रंगाचा दुपट्टा. मागे चढाई होते, पकड होते, कुणाचं कोपर फुटतं; भाऊंना पत्ता नसतो. पब्लिकचे चेहरे पाहून ते गुण ओळखतात.

"मॅच पाह्याले तुमी हाये ना बे! मी तुमाले पाहून राह्यलो."

वरातीत, गणपतीत, निवडणुकीत हाच गळा. सकाळी एका पॅनलसाठी, संध्याकाळी दुसऱ्या. 'तुम आगे बढो' म्हणून त्यांनी किती जणांना पुढे नेलं, स्वतः मात्र ग्रामपंचायतीच्या पायरीपर्यंतही गेले नाहीत. मानधन म्हणजे नारळ, शेला आणि कटिंग चहा.

पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने एकदा मोबाइलवर जर्मनीतली फुटबॉल मॅच दाखवली. डॉर्टमुंडचं मैदान, दक्षिणेकडचा स्टँड, सुमारे २५,००० माणसं उभी, सगळी पिवळीधम्मक. पुढे उंचावर एक जण, हातात कर्णा, मैदानाकडे पाठ. तिकडे त्याला कापो म्हणतात. भाऊ बराच वेळ बघत राहिले.

"हा तं मीच हाय."

मग चौकशी सुरू झाली. पैसे किती देतात? काही नाही. किती वेळ ओरडतो? नव्वद मिनिटं. आणि संघ तीन गोलांनी हरत असला तर? तरी गाणं थांबत नाही. हे भाऊंना पटेना. आपल्याकडे दोन लोण बसले की पब्लिक भेळीच्या गाडीवर जातं. पुतण्याने सांगितलं, तिकडच्या बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडेच ठेवावं लागतं, नियमच आहे. "म्हंजे आपली सोसायटीच! मंग भांडनं तं असतीलच."

तिथली एक रीत मात्र त्यांनी लगेच उचलली. गोल झाला की माईकवाला खेळाडूचं फक्त नाव पुकारतो आणि आडनाव अख्खं मैदान गरजतं. पुढच्याच सामन्यात पहिल्या पकडीला माईकवरून आवाज गेला, "गजानन!" आता शेगाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या कुठल्याही संघात गजानन किमान तिघं. पब्लिकने तीन आडनावं एकदम ठोकली. एका कोपऱ्यातून टोपणनावही आलं, जे बायामाणसं बसलेली असताना यायला नको होतं.

पण भाऊंच्या मनात खरं घर केलं ते २०१२ सालच्या प्रकाराने. क्लबांच्या संघटनेने आणलेल्या नव्या सुरक्षा-नियमांवर १२ डिसेंबरला मतदान होतं. त्याआधीच्या सामन्यांत जर्मन प्रेक्षकांनी सुरुवातीची १२ मिनिटं १२ सेकंद तोंडं मिटून ठेवली. "तिकिटं काढून गप बसले?" भाऊंनी दोनदा विचारलं.

यंदा सामन्यांच्या फ्लेक्सवर शंभर रुपये वर्गणी देणाऱ्यांचेही फोटो आले, भाऊंचा नाही. भाऊंनी जाहीर केलं, बारा मिनिटं बारा सेकंद मौन. खुर्ची फिरवली आणि जन्मात पहिल्यांदा मैदानाकडे तोंड करून बसले. दोन चढायांनंतर हळूच शेजाऱ्याला विचारलं, "हा गडी एक पाय उचलून त्या रेघीपल्याड काहून जाऊन राह्यला?"

"भाऊ, बोनस हाय तो."

"असा भेटते काय बोनस!"

इतक्यात माईक खरखरला. "शांतता राखून सामना पाहिल्याबद्दल प्रेक्षकांचे मंडळातर्फे आभार."

भाऊ ताडकन खुर्चीवर चढले. "शांतता कोनं राखली बे? म्या राखली! माह्यं नाव घे माईकवर!"

माईकवाला भला माणूस. त्याने लगेच घेतलं, "गजानन!"

पब्लिकने तीन आडनावं ठोकली. भाऊंचं त्यात नव्हतं.