मुदतवाढीचे माहात्म्य

काळ सर्वांसाठी सारख्याच गतीने सरतो, अशी ज्या कोणा भाबड्या मनुष्याची समजूत असेल, त्याने एकदा आपल्या जमिनीचे भूखंड पाडण्याचा नकाशा मंजुरीसाठी दफ्तरात दाखल करून पाहावा. म्हणजे तत्त्वचिंतकांना शतकानुशतके न उलगडलेले कालाचे स्वरूप त्याला एका आवक क्रमांकाच्या मोबदल्यात साक्षात दिसेल.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये असे अभिवचन आहे की, नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत आपला निर्णय कळवला नाही, तर, प्रस्ताव नियमांना धरून असल्यास, परवानगी मिळाली असे मानण्यात येईल. एवढे वाचून एकसष्टाव्या दिवसाच्या पेढ्यांची तजवीज करणाऱ्या अर्जदाराने पुढचे शब्द वाचलेले नसतात. हे साठ दिवस अर्ज पोहोचल्यापासून, किंवा प्राधिकरणाने मागितलेल्या जादा माहितीचे उत्तर पोहोचल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेथून मोजावयाचे असतात. त्यामुळे एकोणसाठाव्या दिवशी, सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि मोजणी नकाशावरील क्षेत्र यांतील तफावतीचा खुलासा करावा, असे एक विनम्र पत्र जावक झाले, की सरकारी काळ पुन्हा बाल्यावस्थेत जातो. आणि खुलासा येऊन पोहोचेपर्यंत उत्तर दिशेच्या बाणाविषयी कोणालाही शंका येऊ शकते.

यथावकाश मंजुरी मिळते, आणि इतके दिवस दफ्तरात निद्रिस्त असलेला काळ अर्जदाराच्या घरी येऊन खडबडून जागा होतो. कलम ४८ प्रमाणे परवानगीचे आयुष्य एक वर्षाचे; त्यातले चार महिने पावसाचे, आणि उरलेल्या आठांत रस्ते, गटारे, पाण्याची नळी व विजेचे खांब यांची व्यवस्था लागावयाची. काम अपुरे राहिले तर मुदत सरण्यापूर्वी अर्ज करावा, म्हणजे एकेक वर्षाने वाढ मिळू शकते. मात्र ती वाढ तीन वर्षांच्या पलीकडे कदापि जाऊ नये, असा दंडक आहे. त्यानंतर परवानगी व्यपगत होते. येथे कायद्याचे अंतःकरण द्रवते, आणि अशा व्यक्तीस नव्याने अर्ज करण्यास कोणतीही आडकाठी राहणार नाही, असे तो आश्वासन देतो. पुनर्जन्मावरील श्रद्धा इतक्या निःसंदिग्ध शब्दांत अन्य कोणत्याही अधिनियमात नमूद नसावी.

सरकार स्वतःला मात्र मुदतीच्या जाचातून वगळते, असा आरोप कोणी करू नये. कलम १२७ त्यासाठीच आहे. एखाद्याच्या जमिनीवर बगीच्याचे किंवा शाळेचे आरक्षण पडले आणि दहा वर्षांत ती जमीन संपादनच झाली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी. त्यानंतरही ठरावीक मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण सुटते. ही ठरावीक मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, २००९ साली ती बारा महिने झाली, आणि २०१५ साली चोवीस. मालकाने वाढीचे तिसरे वर्ष ओलांडू नये आणि सरकारने प्रत्येक दुरुस्तीत आपली मुदत दुप्पट करून घ्यावी, या व्यवस्थेला भूमितिश्रेढीचा सरकारी उपयोग म्हणता येईल.

परंतु खरे औदार्य पाहावयाचे असेल तर ते ज्याने कधी अर्जच केला नाही त्याच्या वाट्याला आलेले पाहावे. शेताचे गुंठे पाडून, रेखांकनाचे नावही न काढता, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर ते विकण्याचा व्यवसाय नगरांच्या वेशीवर जोमाने चालू असता, २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००१ रोजी अस्तित्वात असलेली कामे प्रशमन शुल्क व विकास आकार घेऊन नियमित करण्याचे ठरले. ही शेवटची तारीख असे सर्वांनी मानले. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० वर नेली. ज्या गरिबाने आयुष्याची पुंजी घालून तेथे चार भिंती उभारल्या, त्याच्या डोक्यावरचे छप्पर काढू नये, हे न्याय्यच. पण त्याला गुंठा विकणारा इसम एव्हाना दुसऱ्या वेशीवर दोरी लावून उभा आहे, आणि त्याचा आवक क्रमांक नसल्यामुळे त्याला मुदतही नाही.

सारांश, अर्ज करणाऱ्यास एकेक वर्ष, सरकारला दुप्पट, आणि अर्ज न करणाऱ्यास एकदम वीस वर्षे. तेव्हा पुढील अधिवेशनात आणखी एक लहानशी दुरुस्ती व्हावी, अशी आमची नम्र सूचना आहे: ज्या नागरिकांनी ३१ डिसेंबर २०२० पूर्वी अज्ञानाने अथवा हट्टाने रीतसर परवानगी मागितली असेल, त्यांचा तो अपराध योग्य ते प्रशमन शुल्क घेऊन नियमित करण्यात यावा. त्यासाठीच्या अर्जाची मुदत साठ दिवसांची ठेवण्यास हरकत नाही.