पापाची तिकटी आणि टाईप-सी

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात दोन गोष्टी हमखास रेंगाळलेल्या असतात. एक म्हणजे विसर्जन मिरवणुकीतली शेवटची मंडळं. दुसरी म्हणजे त्याच मिरवणुकीचं मोबाईलवर केलेलं शूटिंग. 'आत्ता टाकतो कॉम्प्युटरवर' असं म्हणून एखाद्या कार्यकर्त्यानं ते लावून ठेवलेलं असतं आणि स्वतः जेवून, झोपून, उठूनही आलेला असतो. मंडळं का रेंगाळतात यावर दरवर्षी शांतता समितीच्या बैठका होतात. शूटिंग का रेंगाळतं यावर अजून एकही बैठक झालेली नाही.

फोनच्या खोक्यावर बघावं तर सगळं जगात भारी. कॅमेरा दोनशे मेगापिक्सेलचा, साठवण २५६ जीबीची, चार्जिंग इतकं फास्ट की चहा गाळेपर्यंत बॅटरी निम्मी भरते. आत काय काय मावतं, याची जाहिरात पानभर. आत गेलेलं बाहेर कोणत्या वेगानं पडणार, याबद्दल मात्र खोकं गप्प असतं.

गप्प राहण्याला कारण आहे. हल्ली बहुतेक सगळ्या नव्या फोनांना टाईप-सीचं तोंड असतं. कसंही घाला, सुलटं जातं. हे तोंड २०१४ साली आलं. पण कित्येक फोनांत त्या नव्या तोंडामागे जो रस्ता आहे, तो यूएसबी २.० या नावाचा, एप्रिल २००० मधला. म्हणजे राजारामपुरीतल्या एसटीडी बूथसमोर माणसं रांगेत उभी राहायची आणि पल्स मोजून बोलायची, त्या काळातला. त्यानंतर २००८ साली दहापट वेगाचा यूएसबी ३.० आला, पुढे त्याहून वेगाचे आले. फोनवाल्यांनी तोंड नवं बसवलं आणि रस्ता होता तोच ठेवला.

हे फक्त दहा-बारा हजारांच्या फोनांत होतं, असं समजून महागड्या फोनवाल्यांनी कॉलर ताठ करायचं कारण नाही. युरोपच्या नियमाचा रेटा लागला आणि २०२३ साली आयफोन १५ ला टाईप-सी आलं. गाजावाजा जोरात झाला. साध्या आयफोन १५ चा वेग मात्र यूएसबी २.० चाच. महागड्या प्रोमध्ये वेगवान रस्ता दिला, पण खोक्यातली केबल पुन्हा यूएसबी २.० ची. दीड लाखाच्या आसपासच्या फोनबरोबर अशी केबल द्यायला छाती लागते. तिथं आपण कोल्हापूरकरसुद्धा हात टेकतो.

आता आकडे. यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आकडा भरभक्कम वाटतो, कारण तो बिटांत आहे. फायली आपण मोजतो बाईटांत, आणि आठ बिटांचा एक बाईट. आठानं भागलं की राहिले ६०. त्यात दोन्हीकडच्या यंत्रांचं आपसातलं बोलणं वजा करा, हातात तीस-चाळीस एमबी पडतात. ६४ जीबीचं शूटिंग असेल तर साधारण अर्धा तास, आणि तोही सगळं सुरळीत चाललं तर.

ते सुरळीत चालत नाही, कारण मध्ये एमटीपी आहे. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत मुळात खिशातल्या गाणी वाजवायच्या यंत्रांसाठी काढली. २०११ च्या सुमारास अँड्रॉइड फोनांनी ती उचलली. त्यामागचा हेतू चांगला होता. त्याआधी केबल जोडली की फोनच्या साठवणीचा ताबा कॉम्प्युटरकडे जायचा आणि तेवढा वेळ फोनला स्वतःचेच फोटो दिसेनासे व्हायचे. आता ताबा फोनकडेच राहतो आणि कॉम्प्युटरनं एकेक फाईल मागून घ्यायची.

हे 'एकेक मागून घेणं' कसं असतं, ते पापाची तिकटीवर उभं राहून मिरवणूक पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एक मंडळ येतं, थांबतं. महापालिकेच्या मांडवातून नाव पुकारलं जातं, नारळ दिला जातो, पान-सुपारी होते, अध्यक्षांचा फोटो निघतो, अध्यक्षांचे डोळे मिटले म्हणून पुन्हा निघतो, मग मंडळ हलतं. तोवर मागचं मंडळ जागेवर नाचत असतं. एमटीपीत प्रत्येक फाईलला हा मान मिळतो. तुझं नाव काय, आकार केवढा, तारीख कोणती, ये, झालं, पुढची. चार जीबीचा एकच व्हिडिओ असेल तर एका नारळात काम भागतं. पण फोनमध्ये 'शुभ सकाळ'ची चार हजार चित्रं असतील तर चार हजार नारळ फुटणार. चित्र इवलंसं असलं तरी पान-सुपारी पूर्ण.

आमच्या पेठेत एक तात्या आहेत. प्रत्येक पेठेत असतात. त्यांचा मिरवणुकीचा व्हिडिओ ९९ टक्क्यांवर अडकला, तेव्हा ते फोन, केबल आणि नातू घेऊन दुकानात गेले.

"आरं, घोडं कुठं पेंड खातंय बघ की जरा."

"तात्या, केबल निस्ती चार्जिंगची हाय. ह्यातनं डाटा जातच न्हाई."

"मग नव्याण्णव टक्के काय पायी गेलं व्हय?"

नातवानं मान खाली घातली. ती केबल दुसरी होती, पहिली कुत्र्यानं चावली होती.

"चारशेवाली दे मग."

"देतो. पर वेग त्योच राहणार तात्या. फोनलाच तेवढा हाय."

"मग चारशे कशाचं?"

"कापडी वेष्टन हाय न्हवं."

तात्यांनी फायलींचा वेग आयुष्यभर पाहिलेला आहे. हायकोर्टाचं खंडपीठ कोल्हापुरात यावं म्हणून सहा जिल्ह्यांतले वकील चाळीस वर्षं भांडले. पक्षकार मुंबईच्या खेपा घालून म्हातारे झाले. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंच सुरू झालं आणि फायली इकडं आल्या. "ती फाईल आली बघ," असं तात्या म्हणतात, "ही टेबलावरनं टेबलावर येईना." या युक्तिवादाला अजून कोणत्याही इंजिनिअरकडून उत्तर मिळालेलं नाही.

केबल सोडून दुसरे मार्ग आहेत, नाही असं नाही. ब्लूटूथ आहे, पण व्हिडिओच्या कामाला ब्लूटूथ म्हणजे पुढच्या गणपतीची तयारी. मध्यंतरी शेअरइटनं गावाचं काम चाललं होतं. जून २०२० मध्ये सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात ते गेलं. राहतं व्हॉट्सअ‍ॅप. तिथं माणूस स्वतःचा व्हिडिओ स्वतःलाच पाठवतो. एकाच टेबलावरच्या दोन यंत्रांमधला व्हिडिओ कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला जाऊन येतो आणि येताना असा वाळून येतो की ढोल कुठला आणि ढोलवाला कुठला, ते ओळखायला मंडळाची मीटिंग घ्यावी लागते.

दक्षिण आफ्रिकेत २००९ साली एका कंपनीनं इंटरनेटच्या वेगाला वैतागून ४ जीबीचं कार्ड कबुतराच्या पायाला बांधलं. कबुतराचं नाव विन्स्टन. सुमारे ऐंशी किलोमीटर उडून ते पोचलं, कार्डातला माल उतरवून झाला, तेव्हा तारेवरून चार टक्के माल गेला होता. आपल्याकडे कबुतर कशाला, एसटी आहे. एक टीबीची हार्ड डिस्क खिशात घालून सीबीएस स्टँडवरून इचलकरंजीच्या गाडीत बसा. तासाभरात पोचलात तर वेग पडला सेकंदाला पावणेतीनशे एमबी, म्हणजे यूएसबी २.० च्या कागदावरच्या वेगाच्याही साडेचारपट. तोही वाटेतले सगळे थांबे घेऊन, आणि सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घालून. डिस्क भरायला लागलेला वेळ यात धरलेला नाही, हे कोणीतरी विचारणारच. जाहिरातवाले तरी कुठं काय धरतात?

ज्यांना आजच काम उरकायचंय त्यांच्यासाठी. फोनला मेमरी कार्ड असेल तर ते काढून थेट रीडरमध्ये घाला, म्हणजे एमटीपीचा मांडव लागणार नाही. बारकी चित्रं हजारांनी असतील तर फोनमध्येच त्यांची एक झिप फाईल करा आणि एकाच नारळात पाठवा. फोन वेगवान असेल तर कॉम्प्युटरचं निळ्या जिभेचं तोंड वापरा, बहुधा ते यूएसबी ३ असतं. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही घरच्या पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर असतील तर क्विक शेअर कित्येकदा केबलला मागं टाकतं. आणि 'उरलेला वेळ ३ मिनिटे' असं दिसलं तर आंघोळ करून या.

आता दसरा-दिवाळीला फोन घेणाऱ्यांना एक विनंती. काउंटरवर मेगापिक्सेल विचारून झाले, कव्हर फुकट मागून झालं, की एवढं विचारा: "ह्यातनं डाटा किती वेगानं बाहेर पडतोय? यूएसबी दोन का तीन?" दुकानातला पोरगा गडबडेल, त्याला दोष देऊ नका, त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो कंपनीच्या माणसाला विचारेल. त्याच्याकडूनही उत्तर आलं नाही, तर फोन खोक्यात परत ठेवा आणि खुशाल घरी या. एक्सचेंज ऑफर पाडव्यालाही असते.